फोटोपुरतं निवेदन नको: बोलण्यावर बंधन आणणाऱ्या कायद्याला बेळगावातून हरकत कशी घ्यावी

डिसेंबर उजाडला की बेळगावात दोन गोष्टी ठरलेल्या. हलग्याजवळच्या सुवर्णसौधात अधिवेशन भरतं आणि चन्नम्मा सर्कलजवळच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात निवेदनं घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. साहेबांच्या हातात कागद ठेवायचा, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मीही अशा फोटोंत उभा राहिलोय. एकदा महिन्याभराने त्याच कागदाचं काय झालं म्हणून विचारायला गेलो, तर टेबलावरच्या कारकुनाने शांतपणे विचारलं, "एन विषय री? इनवर्ड नंबर?" इनवर्ड नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता, फोटो मात्र सगळ्यांकडे होता.

सीमाभागातल्या माणसाला निवेदन, मोर्चा, हरताळ शिकवावा लागत नाही. १९५६ पासूनची सवय आहे. पण इंटरनेट, कॉपीराइट आणि भाषणस्वातंत्र्याचे कायदे घोषणेने हलत नाहीत, ते कलमाने हलतात. एखाद्या शब्दावर बोट ठेवावं लागतं. ते कसं करायचं, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी इथल्या मराठी वाचकासाठी लिहितो आहे.

आधी मजकूर हातात घ्या

व्हॉट्सॲपवर फिरणारा "नव्या कायद्यातल्या दहा धोकादायक गोष्टी" हा मजकूर नव्हे. विधेयकाची मूळ प्रत पाहिजे. राज्याचं विधेयक असेल तर विधानसभेच्या संकेतस्थळावर कन्नड आणि इंग्रजीत मिळतं. केंद्राचं असेल तर संसदेच्या किंवा त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. कधी कधी मसुदा जाहीरच होत नाही. २०२४ मध्ये केंद्राच्या प्रसारण सेवा विधेयकाची नवी आवृत्ती निवडक लोकांनाच वाटली गेली होती आणि प्रत्येक प्रतीवर ती कुणाची हे ओळखता येईल अशी खूण होती. बोंब झाली, आणि त्या ऑगस्टमध्ये सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. म्हणजे मजकूर न मिळणं हीसुद्धा हरकतीची पहिली बाब होऊ शकते.

मिळाला की त्याचं मराठी करा. सगळ्याचं नाही, व्याख्या, शिक्षा आणि अधिकार एवढ्या तीन भागांचं. कायदा झालेला असेल तर भाषांतर छापायला कॉपीराइटची भीती बाळगायचं कारण नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच सोय आहे: सरकारने त्या भाषेत भाषांतर काढलेलं नसेल, तर कायद्याचं आणि त्याखालच्या नियमांचं भारतीय भाषेतलं भाषांतर कुणीही प्रसिद्ध करू शकतं. अट एकच, ठळक जागी लिहायचं की हे भाषांतर सरकारने अधिकृत म्हणून मान्य केलेलं नाही. ती ओळ विसरू नका.

मग पाहा, गाडी कुठल्या स्टेशनात आहे. मसुदा, सभागृहात मांडलेलं विधेयक, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं, राज्यपालांकडे गेलेलं, की राजपत्रात छापलेला कायदा? प्रत्येक ठिकाणी दार वेगळं. मसुद्याला सूचना पाठवायच्या. विधेयक सभागृहात असेल तर आमदाराला दुरुस्ती सुचवायची. मंजूर झालं तर राज्यपालांना पत्र, कारण राज्यघटनेच्या कलम २०० नुसार ते परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. कायदा झाला की उरतं कोर्ट.

कुणाचा कायदा, कुणाचा आमदार

ही चूक हटकून होते. केंद्राच्या आयटी नियमांविरुद्ध डीसींना निवेदन देऊन उपयोग नाही, ते फार तर पुढे पाठवतील. बेळगाव जिल्ह्यात अठरा आमदार आहेत, राज्याच्या विधेयकासाठी ते आपले. शिवाय विधान परिषदेतले पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे सदस्य. त्यांच्याकडे गर्दी कमी असते आणि वाचायला वेळ जास्त, असा माझा अनुभव आहे. केंद्रासाठी खासदार. निपाणीकराचा खासदार चिक्कोडीचा. खानापूरकराचा मात्र बेळगावचा नाही, उत्तर कन्नडचा. खानापूरची कितीतरी पत्रं या एका कारणाने चुकीच्या टेबलावर पोचतात.

कलमावर बोट

इथे वेळ घाला, सगळं काम इथेच आहे.

राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची आठ कारणं दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परकीय राष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. नवव्या कारणाला जागा नाही. विधेयकातला प्रत्येक गुन्हा या आठांपैकी कुठे बसतो ते पेन्सिलीने समासात लिहा. जो बसत नाही, तो तुमचा पहिला मुद्दा.

दुसरी कसोटी शब्दांची. आयटी कायद्याच्या कलम ६६अ मध्ये 'त्रास', 'गैरसोय', 'अत्यंत आक्षेपार्ह' असे शब्द होते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना त्याखाली अटक झाली, कारण होतं मुंबई बंदबद्दलची एक फेसबुक पोस्ट आणि तिला दिलेली एक पसंती. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पूर्ण रद्द केलं. न्यायालयाने तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, पुरस्कार, चिथावणी. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी त्यांना संरक्षण आहे, कायद्याला हात घालता येतो तो तिसरीला. तुमच्या हातातल्या विधेयकात चिथावणी कुठे आहे ते शोधा. नसेल तर लिहा, "या कलमात चिथावणीचा घटकच नाही."

आता आपल्या दारातलं उदाहरण. कर्नाटकचं द्वेषपूर्ण भाषण आणि द्वेष गुन्हे प्रतिबंधक विधेयक २०२५ मंजूर झालं ते बेंगळुरात नव्हे, इथे सुवर्णसौधात. विधानसभेत १८ डिसेंबरला, गदारोळात, आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत. सात वर्षांपर्यंत कैद, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. द्वेषाचे आधार म्हणून धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या यादीत 'भाषा'ही आहे.

द्वेष खोटा नाही. बसवर दगड पडतात, फलकाला काळं फासलं जातं, कंडक्टर आणि प्रवासी यांच्यातल्या भाषेच्या भांडणाचा दंगा होतो. हे दोन्ही बाजूंनी आपण पाहिलंय आणि याविरुद्ध कायदा नको असं मी म्हणणार नाही. पण 'भाषेच्या आधारावर दुर्भावना' म्हणजे नेमकं काय? १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, काळी फीत लावणं? "आमच्या मुलांना मराठी शाळा पाहिजे" हे वाक्य? "बेळगाव कर्नाटकचंच" हे वाक्य? ही मर्यादा कोण ठरवणार, न्यायाधीश की ठाण्यातला अंमलदार? हरकत इथे घ्यायची: द्वेषाविरुद्धच्या कायद्याला नव्हे, 'दुर्भावना' या शब्दाच्या मोकळेपणाला आणि जामीन हक्काने न मिळण्याला.

त्याच वर्षी जूनमध्ये खोट्या बातम्यांविरुद्धचा राज्याचा एक मसुदा चर्चेत आला होता. त्यातही सात वर्षं कैद, वर दहा लाखांपर्यंत दंड. गुन्ह्यांच्या यादीत 'स्त्रीवादविरोधी' मजकूर आणि 'सनातन प्रतीकांचा अनादर' एकाच पंगतीत बसवलेले. बातमी खोटी असणं आणि ती कुणाला न आवडणं यात फरकच ठेवला नव्हता.

तिसरी कसोटी अधिकाराची. मजकूर हटवायला कोण सांगू शकतो? केंद्राच्या आयटी कायद्यात कलम ६९अ आहे, त्याखाली २००९ चे नियम आहेत, कारणं लेखी द्यावी लागतात. राज्याचा अधिकारी थेट कंपनीला "हे काढा" म्हणणार असेल तर दोन प्रश्न लिहा: ज्याचा मजकूर आहे त्याला नोटीस मिळणार का, आणि अपील कुणाकडे?

निवेदन कसं लिहायचं

मराठीत लिहा, बिनधास्त. राज्यघटनेचं कलम ३५० म्हणतं की कुठल्याही तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला, केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. "कन्नडात आणा" म्हणून कागद परत केला, तर हे कलम निवेदनाच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं असू द्या. उत्तर कन्नडात येईल, त्याबद्दल भांडत बसू नका.

तरीही सोबत कन्नड प्रत जोडा. हक्क आहे म्हणून मराठी, वाचलं जावं म्हणून कन्नड. डीसी ऑफिसच्या आवारात नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये टाईप करून देणारे बसतात, पण भाषांतर त्यांच्यावर सोडू नका. 'हरकत' आणि 'विरोध' यांतला फरक टायपिंगमध्ये हरवतो. संसदीय समितीला पाठवायचं असेल तर इंग्रजी किंवा हिंदी प्रत लागतेच.

साचा साधारण असा:

"विषय: अमुक विधेयकातील कलम तमुक मधील अमुक शब्दाबाबत हरकत.

राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार हे निवेदन मराठीत सादर करत आहे, सोबत कन्नड प्रत आहे. मी अमुक गावचा रहिवासी असून अमुक व्यवसाय करतो. या कलमामुळे माझ्या पुढील कामावर परिणाम होईल: … सदर शब्दाची व्याख्या विधेयकात नाही. श्रेया सिंघल निकालानुसार… म्हणून पुढील दुरुस्ती सुचवतो: …"

'माझ्या कामावर परिणाम' हा परिच्छेद कुणाकडून उसना घेऊ नका. मंडळाचं फेसबुक पान चालवणारा, गावच्या बातम्यांचा यूट्यूब चॅनेल काढणारी मुलगी, ग्रामपंचायतीचा खर्च फलकावर मांडणारा शिक्षक, प्रत्येकाचं वेगळं. आणि दुरुस्ती सुचवल्याशिवाय कागद संपवू नका. "रद्द करा" एवढंच लिहिलेल्या निवेदनातून अधिकाऱ्याला उचलण्यासारखं काही मिळत नाही.

दोन पानं पुरेत. तीन प्रती: एक त्यांची, एक तुमची, एक आमदाराची. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, नंबर. शिक्का मिळेपर्यंत फोटो काढायचा नाही, हा आमचा आता नियम आहे. हाताने देणं जमत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती फाईलला लावा.

माणसं जमवताना

एकाच मजकुराच्या पाचशे सह्यांपेक्षा वीस वेगळी पत्रं वजनदार. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या सेवांना सारखी वागणूक मिळावी या मागणीच्या, वेळी ट्रायला (दूरसंचार नियामकाला) देशभरातून दहा लाखांवर ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या सेवांसाठी वेगळे डेटा दर लावायला बंदी केली. ही मोहीम जिंकली. पण मधे एक गंमत झाली, म्हटलं तर गंमत: ट्रायने ते सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या नाव आणि ईमेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकले. तेव्हा सार्वजनिक सूचनेसाठी घरचा ईमेल वापरू नका, वेगळा काढा, आणि पत्रात नको तिथे मोबाईल नंबर लिहू नका.

आता जे सांगतो ते काही मित्रांना आवडणार नाही. या कामात सीमाप्रश्न मिसळू नका. सीमाप्रश्न खरा आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याची जागा वेगळी आहे. पण भाषणस्वातंत्र्याच्या निवेदनावर महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांचा ठराव जोडला की समोरचा माणूस पहिलं पान वाचतच नाही. हा कायदा उद्या कन्नड साहित्यिकालाही लागतो, उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेल्या कन्नड शेतकऱ्यालाही आणि लिंगायत स्वामींवर टीका करणाऱ्या विद्यार्थ्यालाही. त्यांच्यापैकी दोघांच्या सह्या असलेलं निवेदन आमच्या पन्नास सह्यांना भारी. शेजारचा कन्नड वकील, कॉलेजातला प्राध्यापक, टिळकवाडीतला निवृत्त बँकवाला, आधी त्यांच्या घरी चहाला जा.

दिल्लीतल्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्था विधेयकांची कलमवार चिरफाड प्रसिद्ध करतात. ती वाचा, उतरवून काढू नका.

माहिती अधिकार

मसुदा कुणी केला, किती हरकती आल्या, त्यांचं काय झालं, हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज. कर्नाटकात फी दहा रुपये, आणि राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा. कुणाकडून आणलेला चार पानी नमुना इथे परत येतो. म्हणून तीन प्रश्न, तीन अर्ज. उत्तर तीस दिवसांत.

इंटरनेट बंद केलं असेल तर आदेशाची प्रत मागा. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावेच लागतात. २०२४ च्या नियमांनुसार एका आदेशाला पंधरा दिवसांची कमाल मुदत आहे.

कॉपीराइट आणि आपली मिरवणूक

गणपती विसर्जनाचा व्हिडिओ चढवला, मागे सिनेमातलं गाणं वाजत होतं, दुसऱ्या दिवशी चॅनेलवर कॉपीराइटची खूण (स्ट्राइक). आमच्या गल्लीच्या चॅनेलला तीन वर्षांत चारदा झालं. खऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणं वाजवण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे. पण वाजवणं वेगळं आणि त्याचा व्हिडिओ जगाला दाखवणं वेगळं, ती सूट आपोआप इंटरनेटवर जात नाही. मात्र टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींची बातमी यांसाठी न्याय्य वापराची सूट आहे, आणि बातमी म्हणून दाखवलेल्या काही सेकंदांसाठी तो मुद्दा मांडता येतो. तक्रारदाराने एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर यूट्यूबसारखी मध्यस्थ कंपनी मजकूर पुन्हा सुरू करू शकते, ही कायद्यातली तरतूद आपल्या उत्तरात लिहा. यंत्राने काढलेला व्हिडिओ माणसाने पाहिला की बऱ्याचदा परत येतो.

इतर पोस्ट काढली असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे नाही जमलं तर तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील. नोव्हेंबर २०२५ पासून मजकूर हटवायची सूचना केंद्रात साधारणपणे सहसचिव दर्जाच्या आणि पोलिसांत डीआयजी (उपमहानिरीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याखाली कुणी देऊ शकत नाही, आणि ती कारणासह द्यावी लागते. ठाण्यातून फोन आला, "पोस्ट काढ रे", तर नम्रपणे म्हणा, "साहेब, लेखी द्या."

नोटीस आली तर

चौकशीची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली येते. व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस धरली जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तसं बजावलंय. पण दुर्लक्ष करू नका, वकिलाला दाखवा आणि लेखी नोटीस मागा. कलम ६६अ लावलेलं दिसलं तर हसा आणि निकालाची प्रत पुढे करा. रद्द झाल्यावरही ते लावलं जात होतं म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे, आणि मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती करणं नेहमीच योग्य असं म्हटलंय.

दुसरा प्रकार आपल्याकडे जास्त ओळखीचा: काही घडण्याआधीच चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र. लेखन-भाषणासाठी ते आज कलम १२७ आहे, जुन्या संहितेत १०८ होतं. याचा बेळगावशी संबंध जुना आहे. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग इथेच स्थापन केली, १ मे रोजी इथे भाषण केलं, आणि ते भाषण व नगरची दोन भाषणं धरून त्यांच्याकडून वीस हजारांचं जातमुचलक आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने आदेश फिरवला. बाजू मांडली जिनांनी. भाषण अख्खं वाचायचं, सुटी वाक्यं तोडून नाही, हा त्यातला मुद्दा आजच्या पोस्टलाही चालतो. म्हणून स्क्रीनशॉट काढताना आपली पूर्ण पोस्ट, वरखालच्या संभाषणासह, तारीख-वेळ दिसेल अशी ठेवा.

कोर्ट

बेळगाव आणि कारवारला धारवाड खंडपीठ, बिदर-भालकीला कलबुर्गी. निपाणीहून कोल्हापूर जवळ, आणि ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचही आहे, पण कर्नाटकच्या कायद्याविरुद्धची याचिका तिथे चालणार नाही.

पलीकडच्या निकालांचा उपयोग मात्र होतो. सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवू शकणाऱ्या केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटचा नियम विनोदी कलाकार कुणाल कामराच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टात आला. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकात उलट झालं. मजकूर हटवायच्या सरकारी सूचना कंपन्यांना पाठवणाऱ्या सहयोग पोर्टलविरुद्धची एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीची याचिका इथल्या हायकोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. त्याआधी २०२३ मध्ये याच कंपनीला पन्नास लाखांचा दंडही झाला होता. म्हणजे धारवाडची वाट सोपी नाही, आणि एवढी मोठी कंपनी हरते तिथे गल्लीतल्या मंडळाने एकट्याने उडी घेऊ नये. जिथे आधीच याचिका चालू आहे तिथे हस्तक्षेप अर्ज करणं स्वस्त पडतं.

आणि याचिकेला जोडायला वकील पहिल्याच भेटीत मागतात ते कागद म्हणजे तुम्ही आधी कुणाकडे, कधी हरकत घेतली होती त्याच्या प्रती. आमच्याकडे आता एक पत्र्याची पेटी आहे, शहापूरच्या घरात माळ्यावर. त्यात शिक्का असलेले कागद तारखेने लावलेले आहेत. फोटो वेगळ्या पाकिटात.